विलायत किती लांब?

‘अमुक गाव किती लांब आहे?’ असे आपल्या भागात कोणाला विचारले, तर तो मैल किंवा किलोमीटर क्वचितच सांगतो. ‘दोन कोस असेल’, ‘एका चिलमीची वाट आहे’, ‘सकाळी निघालात तर न्याहारीला पोचाल’, असे उत्तर मिळते. शहरी माणसाला या उत्तराचे हसू येते. पण त्यात मोठे शहाणपण आहे. चालणाऱ्याला अंतर वेळाने मोजावे लागते. वाट तीच असली तरी पावसाळ्यात ती लांबते आणि चांगली बैलजोडी असली की आखूड होते.

आज मी अशाच एका वाटेविषयी बोलणार आहे. तिचे एक टोक आपल्याकडे कुंडलला, जुन्या सातारा मुलखात आहे आणि दुसरे लंडनला. जवळजवळ शंभर वर्षे आपल्या मुलखाचे बरेवाईट लंडनमध्ये ठरत होते. तेव्हा विलायत किती लांब, हा प्रश्न केवळ भूगोलाच्या तासाचा नव्हता. आपले गाऱ्हाणे ऐकणारा माणूस किती लांब बसला आहे, असा तो प्रश्न होता.

आधी खरे अंतर काय ते पाहू. मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात करून दाखवता येईल. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मात्र मोजू नका. पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, त्यामुळे पट्टी फसवते. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरून दुसरे लंडनवर ताणून बसवा. गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर दोरा सतरा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. त्या गोलाचा पूर्ण घेर ९४ सेंटिमीटर आणि खऱ्या पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर. आता त्रैराशिक मांडा, की उत्तर आलेच. मुलांना एक गंमतही दिसेल. ताणलेला दोरा अरबस्तान आणि इजिप्तवरून न जाता बराच उत्तरेने, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, कॉकेशस आणि युक्रेन यांच्यावरून जातो. गोलावरची सर्वांत जवळची वाट ही अशी असते.

पण माणसाला पंख नव्हते तोवर या दोऱ्याचा काही उपयोग नव्हता. आगबोटी आणि कालवा यांच्या आधी मुंबईहून लंडनला जायचे म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालावा लागे. ही वाट सुमारे १९,८०० किलोमीटरची. म्हणजे दोऱ्याच्या पावणेतीन पट. शिडाच्या जहाजाला वारा मिळेल तसे चार ते सहा महिने लागत. मग १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट २० मार्चला मुंबईहून निघाली आणि वाटेत कोळसा भरत भरत ३३ दिवसांनी सुएझला पोचली. सुएझपासून भूमध्य समुद्रापर्यंत उंटावरून किंवा गाडीतून जायचे आणि तिथे दुसरी बोट गाठायची. या ‘खुष्कीच्या वाटेने’ विलायतेचे पत्र दीड महिन्याच्या आसपास पोचू लागले. ही वाट राखायची, बोटींना कोळसा मिळायला हवा, म्हणून इंग्रजांनी १८३९ च्या जानेवारीत एडन बंदर घेतले.

त्याच १८३९ साली सप्टेंबर महिन्यात कंपनी सरकारने सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत केले आणि बनारसला नेऊन ठेवले. महाराजांनी आपली बाजू मांडण्यासाठी ज्यांना विलायतेला पाठवले, त्यांत रंगो बापूजी गुप्ते हे मुख्य. १८४० च्या सुमारास ते लंडनला पोचले आणि परत यायला १८५३ साल उजाडले. सुमारे तेरा-चौदा वर्षे हा मराठी माणूस त्या थंड, परक्या शहरात आपल्या धन्याचा दावा घेऊन दारोदार फिरला. कंपनीच्या भागीदारांच्या सभांत त्याने प्रश्न उभा करवला. जॉर्ज थॉम्प्सन आणि जोसेफ ह्यूम यांच्यासारखे इंग्रज त्याच्या बाजूने बोलले. पण निकाल काही बदलला नाही.

इथे अंतराचा हिशेब पाहण्यासारखा आहे. कागद हवा असेल, साक्ष हवी असेल, पैसा हवा असेल, तर रंगो बापूजींनी पत्र लिहायचे. ते दीड महिन्याने हिंदुस्थानात पोचायचे, पुढे बनारसला जायचे आणि उत्तराला पुन्हा तेवढेच दिवस. एका प्रश्नोत्तराला तीन-चार महिने गेले, तर वर्षात अशा किती फेऱ्या होणार? कंपनीला हीच अडचण नव्हती का? होती, पण कंपनीला घाई नव्हती. तिचे अधिकारी साताऱ्यात बसलेले होते आणि राज्य तिच्या मुठीत होते. उशीर दोघांनाही सारखाच, पण त्याची किंमत एकालाच द्यावी लागत होती. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराज बनारसला वारले. ज्याच्यासाठी भांडायचे तो धनी जगात नाही, ही बातमी लंडनमधल्या वकिलाला कळायलाही कित्येक आठवडे लागले असतील.

पुढचे उदाहरण त्याहून बोलके आहे. सातारच्या गादीवर बसवलेले आप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. हा दत्तक मानायचा की राज्य खालसा करायचे? लॉर्ड डलहौसीने आपले मत लिहून विलायतेला धाडले आणि कंपनीच्या संचालकांनी २४ जानेवारी १८४९ च्या खलित्याने खालसाला मान्यता दिली. साडेनऊ महिने सातारचे राज्य जिवंत की मेलेले हे साताऱ्यात कोणालाच सांगता येत नव्हते. त्यातला बराच काळ हा प्रश्न समुद्रावर, टपालाच्या पेटीत प्रवास करत होता.

आपले कुंडल तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींच्या ताब्यातले. पंतप्रतिनिधी हे सातारच्या छत्रपतींचे सरदार. वरची गादी गेली, तशी औंधची जहागीर थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आली. कुंडलच्या शेतकऱ्याने लंडन हे नाव कधी ऐकलेही नसेल. पण लंडनच्या एका सहीने त्याच्या धन्याचा धनी बदलला.

रंगो बापूजी परत आले, आणि १८५७ च्या धामधुमीत सातारा भागात उठावाची खटपट केल्याचा ठपका त्यांच्यावर आला. त्यांचा मुलगा सीताराम फाशी गेला. ते स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. चौदा वर्षे अर्जाची वाट चालून पाहिलेल्या माणसाने शेवटी ती वाट सोडली, एवढेच आपण यातून घ्यायचे.

मीरतला १० मे १८५७ रोजी उठाव झाला, त्याची बातमी लंडनला जूनच्या अखेरीस पोचली. हा दीड महिना इंग्रजांना फार जड गेला आणि त्यांनी तो मोडून काढायचे मनावर घेतले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा उघडला. मुंबई ते लंडन ही बोटीची वाट १९,८०० वरून सुमारे ११,६०० किलोमीटरवर आली. १८७० साली समुद्राच्या तळातून तार टाकून मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. जी बातमी दीड महिना घेत होती, ती आता काही तासांत जाऊ लागली. लक्षात घ्या, माणसाच्या आधी शब्द जवळ आला. आणि तोही आधी सरकारचा आणि व्यापाऱ्याचा. तारेचे शब्द महाग होते. गरिबाचे गाऱ्हाणे तारेने जात नसे.

त्याच १८७० साली आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले. त्यांनी तिथे रोजनिशी लिहिली, ती पुढे छापली गेली. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लोरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी, विशीतच, त्यांना मृत्यू आला. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले आणि तिथे आजही त्यांची छत्री उभी आहे. वाट आखूड झाली होती, पण सोपी झाली नव्हती.

आता आगगाडी आपल्या दारात येते. पुणे-मिरज लोहमार्गावर कुंडलसाठी जे स्टेशन झाले, त्याचे नाव ‘कुंडल रोड’. या स्टेशनाजवळच्या माळावर, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला. पुढे स्टेशनाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. त्या काळी इथून मुंबईला जाणारा माणूस छोट्या रुळांच्या गाडीने पुण्याला जाई आणि तिथे मोठ्या रुळांच्या गाडीत चढे. मुंबईहून पुढे बोट. कुंडलचा माणूस विलायतेला निघालाच, तर दोन-अडीच आठवड्यांनी तो लंडनला उतरे.

या हिशेबाला धक्का दिला तो विमानाने. ३० मार्च १९२९ रोजी लंडनहून कराचीकडे पहिली नियमित हवाई टपाल फेरी निघाली. हवाई म्हणायची एवढेच. लंडन ते बाझल विमान, बाझल ते जेनोव्हा आगगाडी, तिथून भूमध्य समुद्रावर पाण्यात उतरणारे विमान आणि इजिप्तहून पुढे तिसरे विमान! एकूण सात दिवस. तरी बोटीच्या मानाने हे नवलच होते. पण कराचीपासून पुढे टपाल पुन्हा आगगाडीत चढे.

ही उरलेली वाट भरून काढायचे काम जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी केले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून एका इंजिनाचे छोटे ‘पस मॉथ’ विमान घेऊन निघाले. बरोबर सुमारे पंचवीस किलो टपाल. वाटेत अहमदाबादला उतरले तेव्हा विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. त्याच दिवशी ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, तेव्हा हा सगळा संसार पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावर हलवावा लागे. विमानाला बैलगाडी लागली आणि विमानही पावसाला भ्यायले, हे आपल्या शेतकरी बंधूंना आवडेल. कोणतीही नवी चाल जुन्या चालीच्या खांद्यावर बसूनच येते.

दहा-अकरा वर्षांनी कुंडलचे नाव वेगळ्याच कारणाने गाजले. १९४२ च्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, आणि कुंडल हे त्याचे मोठे केंद्र. जी. डी. बापू लाड हे कुंडलचेच. १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव लोकांची न्यायदान मंडळे बसली. सावकारीचे, जमिनीचे, घरगुती तंटे गावातच मिटू लागले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी गाडी अडवली गेली ती याच पुणे-मिरज लोहमार्गावर.

आता रंगो बापूजी आणि हे कार्यकर्ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. मुलूख एकच आणि मध्ये शंभर वर्षे. एकाला वाटले, न्याय लंडनला आहे. तिथवर जायला हवे. दुसऱ्यांनी ठरवले, न्याय मागायला लंडनला जायचेच नाही. तो इथे चावडीवर करायचा. त्यांच्यापाशी विमान नव्हते. रात्री पायी, नाही तर सायकलवर, उसाच्या फडातून ते फिरत. पण फिर्यादी आणि न्यायाधीश यांच्यातले सात हजार किलोमीटर त्यांनी काढून टाकले. अंतर कमी करण्याचे दोन मार्ग असतात: एक वेग वाढवण्याचा आणि दुसरा सत्ता जवळ आणण्याचा. मला विचाराल, तर दुसरा अधिक अवघड.

स्वातंत्र्य आले आणि मग पहिल्या मार्गावरही आपले पाऊल पडले. ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान लंडनला निघाले. कंपनीत टाटा आणि भारत सरकार दोघांचा वाटा होता. ३५ प्रवासी घेऊन कैरो आणि जिनिव्हा असे थांबे करत, सुमारे ५,००० मैलांची वाट तोडून, १० जूनला ते लंडनच्या जमिनीवर उभे होते. ज्या शहरात आपला वकील चौदा वर्षे ताटकळला, तिथे स्वतंत्र देशाचे विमान दोन दिवसांच्या आत जाऊन उतरले.

या वेगाची किंमतही सांगितली पाहिजे. हेच ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ४८ माणसे गेली. त्यांत बहुतेक आपले खलाशी होते. दूरच्या बंदरात बोटीवर रुजू व्हायला ते विमानाने चालले होते. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि प्रवास आणखी आखूड झाला. २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांतलेच ‘कांचनजंगा’ त्याच पर्वतावर कोसळले. ११७ जण दगावले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. पहिल्या अपघातातली काही पत्रे पंचवीसहून अधिक वर्षांनी बर्फाच्या नदीतून खाली आली. जी दोन दिवसांत पोचायची, ती माणसाच्या अर्ध्या आयुष्यानंतर सापडली.

आज मुंबईहून निघालेले विमान कुठेही न थांबता साडेनऊ-दहा तासांत लंडनला पोचते. परत येताना मात्र तासभर कमी लागतो. असे का? तर उंचावर, विमाने उडतात त्या थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर. नदीच्या प्रवाहात पोहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. घड्याळाचीही एक गंमत आहे. हिवाळ्यात सकाळी सातला मुंबई सोडली आणि दहा तास उडालात, तर लंडनला उतरताना तिथे सकाळचे साडेअकराच वाजलेले असतात; कारण लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. साडेपाच तास आपल्याला फुकट मिळाले असे वाटते, पण येताना ते परत द्यावे लागतात.

आणि दोऱ्याची ती सरळ वाट? ती आजही नेहमी मिळत नाही. आकाशालाही बांध असतात. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद केली. २०२२ साली युद्ध सुरू झाले तसे युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. शेजाऱ्याने बांधावरची वाट अडवली की आपण वळसा घालून शेतात जातो, तसेच वैमानिकालाही जावे लागते. वळसा पडला की इंधन जास्त जाते आणि वेळही. केपचा वळसा संपला असे आपण म्हणतो, पण वळसे काही संपत नाहीत.

शेवटचा हिशेब आपल्या घरचा. कुंडलहून मुंबईचा विमानतळ रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाडीने सात-आठ तास धरावेत. तिथे तीन तास आधी हजर व्हायचे. म्हणजे दहा-अकरा तास आपण विमानात बसण्याआधीच घालवले, आणि पुढचे ७,२०० किलोमीटर त्याहून थोड्या कमी वेळात झाले! तरीही गावचा मुलगा आज सकाळी निघाला, तर उद्या सकाळी लंडनमध्ये चहा घेत असतो. त्याची आजी विचारते, ‘बाळ किती लांब गेला रे?’ तिला किलोमीटर सांगू नयेत. ‘एका दिवसाची वाट आहे, आजी,’ असे सांगावे. तिला ते लगेच कळेल.

पण तिकिटाचा पैसा आणि परवान्याचा कागद ज्याच्यापाशी नाही, त्याला विलायत आजही रंगो बापूजींच्या काळाएवढीच लांब आहे, हेही विसरू नये. आणि त्याहून जवळचा प्रश्न असा, की आपल्या गावातल्या एखाद्या विधवेचा अर्ज तालुक्याच्या कचेरीत जाऊन उत्तर यायला किती दिवस लागतात? तालुका पंधरा-वीस किलोमीटरवर असेल. पण उत्तराला साडेनऊ महिने लागले, तर ती कचेरी १८४८ च्या लंडनएवढी लांब आहे असे म्हणावे लागेल.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पृथ्वीगोलावरचा दोरा मुलांना जरूर दाखवा. मग त्यांना एक तक्ता करायला सांगा. एका रकान्यात गावापासून शाळा, दवाखाना, बाजार, तालुका, जिल्हा यांचे किलोमीटर लिहायचे आणि दुसऱ्यात तिथे जाऊन काम करून परत यायला लागणारे तास किंवा दिवस. पहिला रकाना भूगोलाचा आणि दुसरा नागरिकशास्त्राचा. हा दुसरा रकाना कमी कसा करायचा, याचा विचार ज्या वर्गात सुरू होईल, त्या वर्गाला कुंडलचा इतिहास समजला असे मी म्हणेन.